पाचव्या घरचा जोगवा

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीनं मला विचारलं, "आजी, आईची बास्केट तुझ्याकडं का आहे?" माझ्या मागच्या भिंतीवर दोन परड्या टांगलेल्या आहेत, त्या तिला फोनमध्ये दिसल्या. त्यातली एक ती लहानपणापासून तुमच्या घरी फ्रिजवर बघत आली होती. मी म्हटलं, सांगते सावकाश. तेवढ्यात तुमची आई खोलीत आली आणि मी थंडीचा विषय काढला.

असे विषय बदलणं आपल्या घरात फार झालं आहे. त्यामुळंच मला जे तेव्हाच कळायला हवं होतं ते कित्येक वर्षं कळलं नाही. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून थोरलीनं विचारलं त्याच आठवड्यात हे लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड नव्हतं, जन्मभर तेच शिकवलं. पण यातलं बोलणं सगळं मराठीत झालेलं आहे. तुम्हाला वाचता येतं, हळू वाचा. अडलं तर मला फोन करा. आईला नको.

आधी परडीचं सांगते. वेताची उथळ, पसरट टोपली. तुळजापूरच्या भवानीचं ज्यांच्याकडं आहे त्यातल्या काही घरांत ती आईकडून मुलीकडं, सासूकडून सुनेकडं येते. मंगळवारी अंघोळ करायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, परडी घेऊन पाच घरी जायचं आणि दारात उभं राहून म्हणायचं, "जोगवा वाढा, माय." आतून बाई ज्वारीच्या पिठाची मूठ घेऊन येते, परडीत सोडते, वर मीठ ठेवते, कुंकू लावते. मागणारीनं उंबरा ओलांडायचा नाही, घरात डोकवायचं नाही. देणारीनं काही विचारायचं नाही. ते पीठ घरी आणून त्याची भाकरी घरच्यांनी खायची. विकायचं नाही, टाकायचं नाही, आणि परडीत पडलेलं कुणाला परत करायचं नाही. लग्नात मी तुमच्या आईच्या ओटीत नवी परडी घातली तेव्हा हा शेवटचा नियम तिला पुन्हा पुन्हा सांगितला होता, कारण परत केलं तर देणारीचा अपमान होतो आणि देवीचाही.

आमच्या घरात पिठाची कमी कधीच नव्हती. तेरला नदीकडेला शेत होतं, धाराशिवच्या शाळेत माझी नोकरी होती. मंगळवारी जोगवा मागून मग मी शाळेची एसटी धरायची. आमच्या आळीत शाळेतलेच एक गणिताचे सर राहत. त्यांनी एकदा मला परडी घेऊन जाताना पाहिलं आणि म्हणाले, "काय बाई, पगार कमी पडतोय? हेडमास्तरांशी बोलू का?"

"पगार शाळेचा, सर. जोगवा देवीचा," मी म्हटलं. "तुमच्याच दारात उभी आहे. वहिनींना सांगा मूठ आणायला."

ते हसले आणि स्वतःच पीठ घेऊन आले. बाईमाणसानं वाढायचं असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दारात परडी घेऊन उभी राहिलेली बाई भरल्या कणगीची आहे की रिकाम्या डब्याची, हे कुणाला ओळखू येत नाही. जोगव्यातलं हेच मला सगळ्यात आवडायचं. मुलींना शाळेत मी ते अभिमानानं सांगत असे.

तुमचे बाबा भूमकडचे. हुशार, कष्टाळू, बोलायला कमी. अमेरिकेत त्यांना राहायची परवानगी होती ती कंपनीत नोकरी आहे तोवर. तुमच्या आईला तिथं राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. इथं ती बँकेत होती हे तुम्हाला माहीत आहे का? आणि तुम्ही दोघं तिथं जन्मलात म्हणून तुम्ही तिथले नागरिक. म्हणजे एका टेबलावर बसून जेवणारी चार माणसं, त्या सरकारच्या लेखी तीन प्रकारची. कायमचं राहायचं कार्ड मिळावं म्हणून अर्ज केलेला होता आणि आपल्या देशाच्या माणसांची रांग मारुतीच्या शेपटासारखी होती. अजूनही आहे.

मग साथ आली. पहिल्या काही महिन्यांतच तुमच्या बाबांना कंपनीनं कमी केलं. नोकरी गेली की थोड्याच आठवड्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, असा तिथला नियम. विमानं तर बंद होती. सरकारनं घरोघर मदत पाठवली, ती तुमच्या घरी आली नाही. तुमच्या आईला काम करायची परवानगी नाही, म्हणून काम करणाऱ्या माणसाला मिळतो तो नंबर तिच्याकडं नव्हता. नवराबायकोनं कर एकत्र भरला होता, म्हणून एकीला नंबर नाही तर अख्ख्या घराला मदत नाही. तुम्हा नागरिक लेकरांनाही नाही. कर घेताना त्यांना तीच जोडी चालली होती. पुढं म्हणे ते सुधारलं.

आणि त्याच सुमाराला तिथं आणखी एक नियम लागू झाला होता. जो माणूस सरकारी मदतीवर जगेल असं वाटतं त्याला कायमचं कार्ड नाकारता येईल, असा.

हे सगळं मी आज सलग सांगते आहे. तेव्हा मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं की तुमचे बाबा घरून काम करतात, शाळा बंद आहे, सगळे मजेत आहोत. व्हिडिओवर तुमच्या मागं नेहमी नीट आवरलेलं स्वयंपाकघर दिसायचं.

त्याच दिवसांत तुमची आई नेमानं जोगवा मागायला लागली. मंगळवारी फोन यायचा, "आई, आज जोगवा मागितला." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा नेम तिनं कधी धरला नव्हता. सणावाराला एखाददुसऱ्या वेळी, हसतखेळत. मला वाटलं, संकटात देव आठवतो माणसाला. मी खूश होते. पुढं बुधवारी सकाळीही तेच सांगायला लागली, शुक्रवारीही. मी शाळेतली बाई, मला हिशेब लागेना.

"अगं, बुधवारी कसला जोगवा?"

"इथं आत्ता मंगळवार संध्याकाळ आहे, आई."

"मग काल सकाळी सांगितलंस तो?"

"तो तुमचा मंगळवार. देवी तुळजापूरची, तिचं घड्याळ तिकडचं."

"दोन्हीकडचे मंगळवार पाळतेस होय?"

"दोन्हीकडची आहे ना मी," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. भूगोल बरोबर होता.

शेजारच्या काकूंना मी हे कौतुकानं सांगितलं. त्या माझ्याबरोबर जोगव्याला येतात. त्या म्हणाल्या, "तुमची लेक लई जपती बघा देवीचं. आमच्या सुना हितं राहून करत न्हाईत अन ती सातासमुद्रापल्याड." एकदा तर फोटोच आला. एका अपार्टमेंटचा जिना, पायपुसण्यावर परडी, आणि मास्क लावलेली तुमची आई चार पायऱ्या मागं उभी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, साथीच्या काळातही आपली संस्कृती. मी तो फोटो ओळखीच्या सगळ्यांना पाठवला.

त्याच महिन्यांतली एक गोष्ट. बोअर मारायच्या गाडीवरची पाच-सहा तमिळ माणसं टाळेबंदीत आमच्या गावात अडकली होती. रेशन दुकानदारानं त्यांना हात हलवत परत पाठवलं, कार्ड तुमच्या गावाकडं, तिथंच जाऊन धान्य घ्या म्हणून. बस नाही, गाडी नाही, जायचं कसं? मी तावातावानं हे तुमच्या आईला फोनवर सांगितलं. म्हटलं, "पोट काय कार्ड बघून भूक लावतं? माणसं आहेत का कोण?"

 

"हो गं," ती म्हणाली. "पाऊस कसा आहे तिकडं?"

आता या हिवाळ्याचं. तुमची आई एकटीच आली. सगळे एकदम आले आणि परत जाण्याचा व्हिसाचा शिक्का अडला तर सगळेच अडकतील, म्हणून एकेकानं यायचं असं तुमच्या घरी ठरलं आहे. मंगळवारी मी माळ घातली, परडी काढली आणि तिला म्हटलं, "चल. तुझी आणलीस ना?"

तिनं बॅग उघडली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली परडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आई, ही तू ठेवून घे."

"का? मोडली?"

"नाही. मला नको आता."

बाहेरून काकूंची हाक आली, "येताय न्हवं बाई? ऊन चढाया लागलं."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं. आयुष्यात मी जोगव्याचे मंगळवार फार थोडे चुकवले आहेत. त्यातला तो एक.

अंगणात भुईमुगाच्या शेंगा पसरल्या होत्या. तुमची आई फोडायला बसली. माझ्याकडं न बघता, शेंगा फोडता फोडता तिनं सांगितलं. मध्ये मी एक-दोनदाच बोलले.

"पहिल्या मंगळवारी मी खरंच देवीचा जोगवा मागितला," ती म्हणाली. "दुसऱ्या मंगळवारी पीठच हवं होतं."

घरभाडं आणि राहायची मुदत वाढवून घ्यायला धरलेला वकील यांतच शिल्लक चालली होती, आणि एकदम निघावं लागलं तर चार तिकिटांपुरती रक्कम तुमच्या बाबांनी हात न लावता बाजूला ठेवली होती. फळं बंद झाली, अंडी बंद झाली. धाकट्याच्या दुधात पाणी पडायला लागलं. तुमची शाळा बंद होती, पण शाळेच्या गेटवर रोज मुलांसाठी जेवण आणि दूध वाटत होते. कोणत्याही मुलाला. तुमची आई जाणार होती. तुमच्या बाबांनी अडवलं.

तसलं काही घेऊ नका असं त्यांना सांगणारा माणूस माझा विद्यार्थी. तामलवाडीकडचा, शाळेसाठी धाराशिवला येऊन राहिलेला. आता तिकडं त्याचा मोठा धंदा आहे, नागरिक होऊन जमाना झाला, मराठी मंडळात त्याचा शब्द चालतो. तुम्ही त्याला काका म्हणता. तुमची आई तिकडं निघाली तेव्हा मीच म्हटलं होतं, तिथं आपल्या मुलखातलं माणूस आहे, काळजी नाही. साथीत त्यानं फोनवर सगळ्या नव्या लोकांना एकत्र घेऊन सांगितलं होतं, "सरकारचा एक दाणा घेऊ नका. नावावर एक नोंद पडली की कार्ड गेलं, आणि पोरांना घेऊन परत गावाकडं. आपण देणारी माणसं आहोत, मागणारी नाही."

म्हणून परडी.

"बेल वाजवायची, परडी पायपुसण्यावर ठेवायची आणि जिन्यापर्यंत मागं यायचं," तुमची आई सांगत होती. "दोन मराठी घरं, एक तेलुगू, एक कानडी. कानडी बाईला यल्लम्माचं माहीत होतं, तिला समजावून सांगावंच लागलं नाही. सगळ्या आनंदानं द्यायच्या. मूठभर. वर कुंकू."

"मूठच देतात," मी म्हटलं.

"मूठच देतात. रिवाज तेवढाच आहे ना. कुणाला वाटणार की हिला दोन किलो हवंय? म्हणून मग दोन्हीकडचे मंगळवार. दोन्हीकडचे शुक्रवार."

फोटो काढला तो त्यातल्याच एका मराठी बाईनं. आधी मूठ वाढली, मग म्हणाली, थांब, तशीच उभी राहा.

पाच घरं पुरी व्हायला एक कमी पडत होतं. तळमजल्यावर एक स्पॅनिश बोलणारी बाई राहायची, कुठल्या तरी ऑफिसांची साफसफाई करणारी. तिचा नातू थोरलीच्या वर्गात. तुमच्या आईनं तिची बेल वाजवली ती नियम पुरा करायला. तिला काय कळणार, परडी बघून दार लावून घेईल, असं धरूनच.

त्या बाईनं परडीकडं बघितलं. मग तुमच्या आईच्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं हवेत हात आडवा धरून एक उंची दाखवली आणि तिच्याखाली दुसरी, लहान. तुमच्या दोघांच्या उंच्या. तुमच्या आईनं मान हलवली. ती आत गेली आणि मक्याच्या पिठाची पिशवी, काळा घेवडा, सफरचंदं आणि दुधाची पुडकी घेऊन आली. परडीत मावेना, म्हणून अर्धं बाजूला ठेवलं. कुंकू नाही, मीठ नाही. दूध आणि सफरचंदं शाळेच्या गेटवरची होती. नातवाबरोबर तुमच्या दोघांचीही ती मागून आणायला लागली. पुढं प्रत्येक खेपेला पिशवी तयार असायची.

थोरले, तुला ती चॉकलेटच्या दुधाची पुडकी आठवत असतील. आई ती ग्लासात ओतून द्यायची आणि पुडकी धुऊन लपवायची.

एक दिवस तुमच्या बाबांना ती सापडली. शाळेच्या वाटपाची, तसं वर छापलेलं.

"तू नाव दिलंस?" त्यांनी विचारलं.

"मी नाही गेले. खालच्या बाईनं दिली."

"तिला कुणी दिली? सरकारनंच ना? उद्या कुणी विचारलं तर काय सांगशील? देवीनं दिली?"

फ्रिजमधली उरलेली पुडकी, सफरचंदं, अगदी मक्याचं पीठसुद्धा त्यांनी एका पिशवीत भरलं आणि तळमजल्यावर त्या दाराशी नेऊन ठेवलं. बेल वाजवली नाही. धाकटा चॉकलेटच्या दुधासाठी रडत झोपला.

"मी थांबवलं नाही," तुमची आई म्हणाली. "परडीतलं परत जात होतं आणि मी ओट्याशी उभी होते."

नंतर ती बाई दोनदा जिन्यात भेटली. एकदा तिच्या हातात पिशवीही होती. तुमची आई खाली मान घालून वर गेली. काही आठवड्यांनी ते घर रिकामं झालं. कुठं गेली, का गेली, कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याकडं तिथं राहायचे कागद होते की नव्हते, हेही नाही. नंतर तुमच्या बाबांना पहिल्यापेक्षा कमी पगाराची का होईना नोकरी मिळाली आणि परडी फ्रिजवर चढली, ती या हिवाळ्यापर्यंत तिथंच होती.

शेंगा कधीच संपल्या होत्या. आम्ही टरफलं चिवडत बसलो होतो.

"मला का नाही विचारलंस?" मी म्हटलं. "या गावात कुणाला इंग्रजी कागद आला की माझ्याकडं येतो. बँकेचा, विम्याचा, कोर्टाचा. तुझ्या लेकरांच्या तोंडातलं दूध काढणारा कागद तेवढा मला दाखवावासा वाटला नाही?"

"तू म्हणाली असतीस, परत ये."

"म्हणाले असते."

"म्हणून."

  पोरीनं उपाशी राहून मला हसून दाखवलं, आणि हसून दाखवायला माझीच परडी वापरली. मी आळीभर तिचं कौतुक सांगत हिंडत होते तेव्हा ती पाच दारांत खरोखरच्या पिठासाठी उभी होती. तुम्ही म्हणाल, तिनं तुला त्रास नको म्हणून लपवलं. ते मला कळतं. तरी फसवलं ते फसवलं. मी तिला माफ केलं आहे का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. म्हणून केलं असं इथं लिहीत नाही.

ती परत गेल्यावर मी तो सरकारी मदतीचा नियम शोधून वाचला. आता तो लागूही नाही, तिथं नंतर आलेल्या सरकारनं तो काढून टाकला. भाषा किचकट आहे, पण एका दुपारी वाचून होते. शाळेतलं मुलांचं जेवण त्यात कुठंच नव्हतं. कधीच नव्हतं. आणि आईबापाच्या कार्डासाठी नागरिक मुलांनी खाल्लेलं मोजायचं नाही, असं त्यात स्पष्ट होतं. मी तेवढा भाग पुन्हा वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

फाल्गुनात ते तुमचे काका, माझा विद्यार्थी, तुळजापूरला दर्शनाला आले. माझ्याकडं दरवेळी येतात तसे आले. पाया पडले, प्रसादाचा नारळ दिला. मी चहा टाकला.

"साखर?"

"बिनसाखरेचा, बाई. वय झालं आता."

"साथीत तुझ्या धंद्याला सरकारची मदत मिळाली होती म्हणे." तुमच्या आईनं ते सांगितलं होतं. त्याच्या बायकोनं गणपतीत सगळ्यांना ऐकवलं होतं.

"मिळाली ना. नोकरांचे पगार चालू ठेवायला म्हणून. पुढं माफही झाली." तो हसला. "तिथलं सरकार दिलदार आहे, बाई."

"आणि आमच्या पोरांना तू सांगितलंस, एक दाणा घेऊ नका."

त्यानं कप खाली ठेवला. "त्यांचं वेगळं. त्यांचं कार्ड व्हायचं होतं. मी नागरिक आहे, मला चालतं."

"लेकरंही नागरिकच होती."

त्यानं कप पुन्हा उचलला.

"शाळेचं जेवण त्या नियमात होतं का रे?"

"असेल, नसेल. रिस्क कशाला घ्यायची? मी भल्यासाठीच सांगितलं."

"वाचला होतास?"

"वेळ कुणाला होता, बाई. सगळे तसंच म्हणत होते."

"उतारा वाचल्याशिवाय मी तुला उत्तर लिहू देत नव्हते," मी म्हटलं.

म्हातारीनं जुनी आठवण काढली, असं समजून तो हसला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. "ही परडी इथं कशी? ती तर तिकडं जोगवा मागायची. मंडळात फोटो फिरला होता."

"परत आणून दिली तिनं."

"का?"

मी सांगितलं नाही. ऐकून तो हळहळला असता, आणि त्याची हळहळ मला नको होती. निघताना त्याचा नारळ परत द्यावा असं फार वाटलं. दिला नाही. हातात आलेलं परत करायचं नसतं.

तुमच्या बाबांवरही मी रागावले, ते तुमच्यापासून लपवत नाही. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आणि कामावर मिळणारी सरकारी सुकडी लेकरांना खाऊ घातली. ते त्या घरात आजही अभिमानानं सांगतात. त्याच घरातल्या मुलाला परक्या देशानं दुधाच्या पुडक्याला भ्यायला शिकवलं. रागावताना मी हेही लक्षात ठेवते. तुम्हीही ठेवा. पिशवी खाली ठेवून आले त्या रात्री तेही जेवले नाहीत, असं तुमची आई म्हणाली.

तुमची आई परत निघायच्या आधीच्या मंगळवारी मी तिला पुन्हा विचारलं होतं, येतेस का. ती नाही म्हणाली. मी काकूंबरोबर जाऊन आले. परत आले तर तिनं चूल पेटवून ठेवली होती. माझ्या परडीतलं पीठ तिनं परातीत घेतलं, भाकऱ्या थापल्या आणि आम्ही दोघींनी खाल्ल्या. तिनं शेवटच्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. पण दुसऱ्या दिवशी बॅग भरताना परडी भिंतीवरच राहिली.

थोरले, तू विचारलंस त्याचं उत्तर हे. ज्या बाईनं न विचारता भरभरून वाढलं तिचं परत गेलं, आणि तिची माफी मागायला आता दार उरलेलं नाही, म्हणून तुझ्या आईला ती परडी हातात धरवत नाही.

आता मंगळवारी मी दोन्ही परड्या नेते. एकीत माझ्या मुठी, दुसरीत तिच्या. काकू म्हणतात, "दोन कशाला वो, एक पुरं की." मी म्हणते, एक लेकीची. आळीतल्या बायका दोन्हींत वाढतात, काही विचारत नाहीत.

तुमच्या घरचं कार्ड अजून आलेलं नाही. त्या बाईचा ठावठिकाणा लागलेला नाही. तुमच्या आईची परडी माझ्या भिंतीवर आहे. काठाची एक वेतकाडी सुटली होती, ती मी बांधून घेतली. बाकी ती शाबूत आहे.